उताराचा दोर

॥ श्री ॥

भोईवाडा, परळ
शुक्रवार, १ ऑगस्ट

ती. दुर्गाआत्यास,
मयूरचा शि. सा. नमस्कार.

पत्र तुझ्या सूनबाईबरोबर, सीमाबरोबर पाठवतोय. चर्नी रोडला ऑफिसात जाता जाता ती तुझ्या वाडीत देईल आणि उत्तरही तीच आणेल. दुसरी सोय तू ठेवलीच नाहीस. फोनवर कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं, आणि मोबाईलची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. माझं अक्षर बघून लाल पेन काढू नकोस. तू निवृत्त झाली आहेस, एवढं लक्षात असू दे.

बातमी अशी की मंडळाने यंदा मला ट्रॉलीप्रमुख केलंय. म्हणजे मूर्ती कारखान्यातून मांडवापर्यंत सुखरूप आणायची जबाबदारी माझी. आई खूश आहे, सीमा अर्धीच खूश आहे, आणि मी अजिबात नाही.

कारण यंदाची मूर्ती बावीस फुटांची आहे. गेल्या वर्षी सोळा फुटांची होती. आमचे अध्यक्ष अवधूतदादा यांनी कुठल्याशा गल्लीची एकवीस फुटांची ऐकली आणि बावीस सांगून मोकळे झाले. मूर्ती लोअर परळच्या कारखान्यात उभी आहे, रंग चालू आहे. दहा तारखेला, रविवारी आगमन. वाट तुला माहीत आहे. कारखान्यातून निघायचं, करी रोडचा पूल चढायचा, उतरायचा आणि घरी यायचं. चढाची मला काळजी नाही. ओढायला शंभर हात मिळतात. काळजी आहे ती उताराची.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, कारण आईने सगळ्यांना शपथ घातली होती. उतारावर ट्रॉली सुटली. ट्रॉलीला ब्रेक नसतो, असते ती फक्त पुढची लोखंडी दांडी. ती वळवून चाकांना दिशा द्यायची. ती दांडी बाबांच्या हातात, गेली तीस वर्षं. बाबा बाप्पाकडे तोंड करून उलट्या पावलांनी पळत होते आणि ट्रॉली त्यांच्या अंगावर येत होती. शेवटी एक चाक फूटपाथच्या कडेला घासलं आणि ती थांबली. सगळे म्हणाले, बाप्पाने वाचवलं. वाचवलं खरंच. पण दरवर्षी त्यालाच हे काम लावायचं का? बाबा आता सदुसष्टचे आहेत. दांडी दुसऱ्याला द्या म्हटलं तर माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी त्यांना घराबाहेर काढतोय.

माझा बेत ऐक. बाभळीचे चार मोठे ठोकळे कापून घेतले आहेत. मी स्वतः चाकापाशी चालणार. ट्रॉली पळायला लागली की ठोकळा चाकाखाली टाकायचा. जागच्या जागी थांबेल, विषय संपला. हे बरोबर आहे ना, एवढंच कळव. विज्ञानात मला तूच पास केलं होतंस.

तुझे गुडघे कसे आहेत? आईने घावणे पाठवलेत, ते आजच खा, उद्यासाठी ठेवू नकोस.

तुझाच,
मयूर

---

गिरगाव
सोमवार, ४ ऑगस्ट

चि. मयूर यास,
दुर्गाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पास तुला मी केलं नव्हतं. तू आपला आपण झालास, तोही काठावर, आणि ठोकळ्याचा बेत वाचून ते काठावरचे गुणही मला जास्तच वाटायला लागले आहेत. घावणे उत्तम होते. वहिनीला सांग.

आता थट्टा पुरे. ठोकळा टाकू नकोस. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

चढावर तुम्ही शंभर जण घाम गाळता, तो वाया जात नाही. तुम्ही केलेलं काम मूर्तीत उंचीच्या रूपाने साठत जातं. पुलाच्या माथ्यावर बाप्पा उभा असतो तेव्हा तुम्हा सगळ्यांचे कष्ट त्याच्यापाशी जमा असतात. उतारावर तो ते परत देऊ लागतो. ते घ्यायला कोणी उभं नसेल तर त्या सगळ्याचा वेग होतो. त्यात अवधूतला वाटत असेल की मूर्ती सहाच फुटांनी वाढली. उंचीबरोबर रुंदी वाढते, बाबा. आतून पोकळ असली तरी वजन जवळजवळ दुप्पट झालं असणार.

चालती वस्तू थांबवायची म्हणजे तिच्यातला संवेग कोणीतरी काढून घ्यायचा. त्याला किती जोर लागेल, हे तू किती वेळ घेतोस यावर आहे. वेळ घेतलास तर थोडक्यात भागतं. क्षणात थांबवायला गेलास तर तोच जोर अफाट होतो. लहानपणी तू खाली उभा असायचास आणि मी तिसऱ्या मजल्यावरून घराची किल्ली टाकायचे. आधी तू हात ताठ धरायचास, किल्ली तळव्यावर फाडकन बसायची आणि तू भोकाड पसरायचास. मग शिकलास, हात किल्लीबरोबर खाली न्यायला. तेच इथे आहे, दुसरं काही नाही.

ठोकळ्याने चाक थांबेल. बावीस फुटांवरचा मुकुट थांबणार नाही, तो पुढे यायला निघालेलाच असेल. मूर्ती पायाशी मोडेल आणि पुढे पडेल. पुढे कोण उभं असतं, ते तूच लिहिलं आहेस.

तेव्हा असं करा. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला एक जाड, लांब दोर बांधा. त्यावर तीस-चाळीस दणकट मुलगे ठेव. माथ्यावर पोचण्याआधीच त्यांनी तो ताणून धरायचा, आणि उतारभर मागे रेलून, टाचा घासत, सावकाश येत राहायचं. आधी सैल सोडून मग हिसका द्यायचा नाही, तो हिसका म्हणजे पुन्हा ठोकळाच. आणि सगळ्यांना हातमोजे दे. बाप्पा जे परत देणार आहे ते तळव्यांतून आणि टाचांतून उष्णता होऊन निघणार.

दादाला दांडी सोडायला सांगण्यात अर्थ नाही. तो माझा भाऊ आहे, मला माहीत आहे. दांडीवर राहू दे, पण मागे दोर हवा. काय ठरलं ते लगेच कळव. मला इथे तिसऱ्या मजल्यावर बसून नुसते आकडे सुचतात आणि ते काही चांगले नसतात.

जीव लावून असलेली,
दुर्गाआत्या

---

भोईवाडा
बुधवार, ६ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

काल मंडळाची सभा झाली. तुझा दोर मी मांडला आणि माझी पार चंपी झाली.

आधी हसले. मागच्या दोरावर कोण राहतं ते हात वर करा म्हटलं, तर एकही हात वर आला नाही. गणपतीच्या पाठीशी दारिद्र्य असतं, पाठ बघू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आगमनाच्या दिवशी, वर्षातून एकदा, बाप्पाचं तोंड सोडून पाठ बघत कोण चालणार? हे झालं तोंडाने बोललेलं. न बोललेलं असं की मागून फोटो येत नाही. वर्षभर जिममध्ये दंड कमावलेली पोरं आहेत ही, ती दोर धरणार ती पुढचा.

मग बाबा उठले. तू आल्या पाहुण्याचा मागून सदरा धरतोस का, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. विसर्जनाला जाताना मागून धरलंत तर समजू शकतो, पण देव घरी येत असताना त्याला मागे खेचायचा म्हणजे अपशकुन. मी येऊ नको म्हणतोय का देवाला? मग अवधूतदादांनी विषय गुंडाळला आणि टी-शर्टच्या रंगावर तासभर चर्चा झाली.

घरी आल्यावर बाबा हातपाय धुवून आले. जेवले आणि गॅलरीत जाऊन उजवा गुडघा चोळत बसले. उतारावर त्या गुडघ्याने दगा दिला तर काय, हा एकच विचार मला धड काम करू देत नाही. आत्या, मला खूप भीती वाटतेय. प्रमुख मी आहे. माझ्या हाताखाली माझ्या बापाला काही झालं तर मी आईला तोंड कसं दाखवू?

तू लिही त्यांना. माझं नाव घेऊ नकोस. तुझं ऐकतील, नाहीतर मग कोणाचंच नाही.

तुझा,
मयूर

---

गिरगाव
गुरुवार, ७ ऑगस्ट

ती. दौलतदादास,
धाकट्या दुर्गाचा शि. सा. नमस्कार.

सोबत राखी आहे. नारळी पौर्णिमेला मी यायची, पण हे गुडघे आता जिना उतरायला नाही म्हणतात. तू तरी कुठे येतोस म्हणा. आगमन जवळ आलं की तुला बहीण, बायको, कोणी आठवत नाही.

सभेतलं ऐकलं. कोणाकडून ते विचारू नकोस. माझा फळा मी शाळेत सोडून आले असं तू म्हणशील, म्हणून फळ्यावरचं काही लिहीत नाही, तुला समजेल असं विचारते. आपण भोईवाड्यात जन्मलो. पालखीला पुढे भोई असतात तसे मागेही असतात ना? मागच्या भोयाला देवाचं तोंड कधी दिसत नाही. म्हणून काय तो दारिद्र्यात चालतो? घाट उतरताना सगळा भार त्यानेच सावरायचा असतो. तो देवाला मागे खेचत नाही, देव पडू नये म्हणून धरतो. बाप्पा बावीस फुटांचा करायची हौस होती, तर त्याला उतारावरून हात धरून आणायची लाज कसली?

आता हे खरं लिहिते. दादा, मला फार भीती वाटते. आई-बाबा गेले, हे गेले, आता मागे उरलेलं माझं माणूस तू आहेस. मला सकाळी जाग येते ती स्वप्नात तू ट्रॉलीखाली असल्याचं बघून. दांडी सोड म्हणत नाही. ती तुझी आहे, तुझ्याकडेच राहू दे. पण मागचा दोर लाव. राखीची ओवाळणी म्हणून मी आजवर साडी-चोळी काही मागितली नाही, यंदा हे मागते. नाही म्हणू नकोस.

तुझ्या मायेची,
दुर्गा

---

भोईवाडा
शनिवार, ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चि. दुर्गास,
दादाचे आशीर्वाद.

राखी पोचली. एका हाताने आणि दातांनी बांधली. तुझी वहिनी जाईबाई हसत होती.

कोणाकडून ऐकलंस ते मला कळलं नाही असं समजू नकोस. पण भोयाचं बोललीस ते पटलं. सकाळी अवधूतला बोलावून सांगितलं की देवाला खेचायचं नाही, सावरायचं आहे, आणि हा दौलतचा शब्द आहे. मी बोललो म्हटल्यावर पोरं तयार झाली. तीस जण दोरावर, त्यांच्यात पहिला अवधूत स्वतः. भाऊच्या धक्क्यावरून काथ्याचा दोर आणलाय, मनगटाएवढा जाड. मयूरने हातमोजेही आणले, ते बघून मला आधी हसू आलं.

दांडी मी धरणार. ओवाळणी दिली, आता तू झोप नीट घे. उद्या बाप्पा घरी आला की सीमाकडून पेढे पाठवतो.

तुझा,
दादा

---

गिरगाव
सोमवार, ११ ऑगस्ट

चि. मयूर,
आशीर्वाद.

आज मायना एवढाच. काल वाट पाहिली, म्हटलं दमले असतील. आज सीमा आली नाही. तिचं ऑफिस चुकत नाही, हे मला ठाऊक आहे. सकाळपासून मी जिन्याकडे डोळे लावून बसले होते.

मग शेजारची ऋता कॉलेजला निघताना आत आली आणि तिने मोबाईल माझ्या चष्म्यापुढे धरला. पुलाचा उतार. आपला बाप्पा. ट्रॉली पळते आहे. दोन्ही बाजूंची मुलं उड्या मारून बाजूला होतात, आणि दांडीवर एकटाच माणूस, पांढऱ्या टोपीतला. दादाची टोपी मी कितीही गर्दीत ओळखीन. आणि तिथेच ते संपतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मी तिला पुढचं दाखव म्हटलं, तर ती म्हणाली पुढचं नाहीच, कोणीतरी एवढंच टाकलंय. मी ते परत परत लावायला लावलं. मागे दोर दिसतो का ते शोधत होते. ज्याने काढलं त्याने पुढूनच काढलंय, मागचं काही दिसत नाही.

ऋताने लावून पाहिलं, तुझा फोन बंद आहे. सीमाचा वाजतो पण कोणी उचलत नाही. त्या चित्राखाली लोकांनी नुसते जोडलेले हात आणि रडके चेहरे टाकलेत, ते कशासाठी हे कोणी लिहिलेलं नाही.

उतारावरची गाडी मी आयुष्यभर फळ्यावर काढली. एक तिरकी रेघ, तिच्यावर एक चौकोन, एक बाण. त्या चौकोनापुढे माणूस कधी काढला नव्हता. काल रात्री वाटलं होतं की मी नीट समजावलं, आता काही होणार नाही. आता वाटतं, दांडी सोड असंच का नाही सांगितलं. रागावला असता, बोलायचा थांबला असता, पण असता.

दादा कसा आहे, तेवढंच लिहा. जे असेल ते लिहा. वहिनीने शपथ घातली असली तरी मोडा. ऋता कॉलेज बुडवून तुमच्याकडे येते आहे, तिला उत्तर दिल्याशिवाय सोडू नका.

दुर्गाआत्या

---

भोईवाडा
सोमवार, ११ ऑगस्ट, दुपार

ती. दुर्गाआत्यांना,
सीमाचा शि. सा. नमस्कार.

बाबा ठीक आहेत. आत्ता समोर बसून चहा पीत आहेत आणि ऋताला दुसऱ्यांदा बिस्किटं घे म्हणून आग्रह करताहेत. हे आधी, बाकीचं मग.

अक्षर मयूरचं आहे, शब्द माझे. माझ्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत, पेन धरवत नाही. त्याला बजावलंय की मी सांगते तेवढंच लिहायचं, आपलं काही घुसडायचं नाही. त्याचा फोन पुलावर पडून फुटला. माझा आईंच्या पिशवीत, आणि पिशवी मांडवात राहिली होती. तुम्हाला कळवायचं राहिलं, त्याची खरंच माफी मागते. आज सकाळी इथे कोणाचंच डोकं जागेवर नव्हतं.

काल सगळं तुम्ही लिहिलं होतं तसंच सुरू झालं. मागे तीस पोरं, सगळ्यांना हातमोजे, दोर ताणलेला. पूल चढलो. माथ्यावर ढोलवाल्यांनी गोल केला आणि वर फोटोवाल्यांचा ड्रोन आला, म्हणून ट्रॉली थांबवली. उतार तर अजून पुढे आहे, फोटो काढून येतोच, म्हणत आधी दोघं गेले. मग चौघं. मग रांगच लागली. अवधूतदादाही गेले, हातमोज्यांसकट. दोर रस्त्यावर पडून राहिला.

आम्ही बायका ट्रॉलीच्या मागेच होतो. दरवर्षी असतो. आरतीची ताटं, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या चपलांच्या पिशव्या घेऊन. गर्दीच्या रेट्याने ट्रॉली कधी पुढे सरकली ते कोणाला कळलं नाही. आईंना दिसलं की पडलेला दोर हलतोय.

आम्ही ओरडलो, पण त्या ढोलांत काय ऐकू येणार? आईंनी ताट खाली ठेवलं. फेकलं नाही, निरांजनासकट रस्त्याच्या कडेला ठेवलं, आणि दोर उचलला. मग मी, मग शेजारच्या कांतावहिनी, मग सगळ्याच. आधी दोरच आम्हाला घेऊन निघाला. चपला गेल्या, साड्या पायात आल्या, आणि काथ्या तळव्यांतून सरकायला लागला तेव्हा तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं. सोडून द्यावा असं मला वाटलं होतं, आत्या. खरं सांगते. तेवढ्यात आई ओरडल्या, खाली बसा गे, बसा सगळ्यांनी. आम्ही धपाधप रस्त्यावर बसलो, टाचा रोवल्या, आणि एकीच्या पाठीला दुसरीचे गुडघे लावून मागे रेललो. तरी घसटत जातच होतो. पण सावकाश.

पुढचं मला दिसत नव्हतं. ते मयूरकडून कळलं. तो ठोकळा घेऊन चाकाबरोबर पळत होता. बाबा दांडी धरून उलटे येत होते आणि जीव तोडून ओरडत होते, टाक, ठोकळा टाक. याने तो डोक्यावर उचललाही होता. मग याने वर मुकुटाकडे पाहिलं. मग चाकाकडे. चाक मघापेक्षा हळू फिरतंय असं त्याला वाटलं, नुसतं वाटलं. मागे कोणी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. बाप टाक म्हणत होता आणि याने ठोकळा टाकला नाही. माझ्या हातून बाबा जाणार असं मला त्या वेळी वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी जगलो नसतो. हे शेवटचं वाक्य त्याने आपलं घुसडलंय. मी खोडायला लावत नाही.

उतार संपून सपाट रस्ता लागला आणि ट्रॉली हळूहळू थांबली. मुकुट हललासुद्धा नाही. तेव्हा बाबांची पाठ पोलिसांच्या लोखंडी बॅरिकेडला टेकली होती आणि दांडी पोटाला लागली होती.

बाबा तिथेच खाली बसले. पाणी प्यायले, उठले आणि दोरावरच्या पोरांची पाठ थोपटायला मागे आले. मागे आम्ही होतो, रस्त्यावर बसलेल्या, कोणाचे केस सुटलेले, कोणाची टाच रक्ताने भरलेली. त्यांना काही समजेचना. पोरं कुठे आहेत, म्हणून त्यांनी विचारलं. आईंनी नुसते हात पुढे केले. दोर अजून हातात होता, त्यांची बोटं उघडत नव्हती. मग बाबांनी खाली बसून त्यांचं एकेक बोट सोडवलं.

डॉक्टर म्हणाले, तळवे भरून यायला वेळ लागेल पण येतील. आईंचे जास्त सोलवटलेत. त्या पहिल्या होत्या ना.

एक बोलते, राग मानू नका. तुमचं पत्र मयूरने मला वाचून दाखवलं होतं. तीस-चाळीस दणकट मुलगे ठेव, असं तुम्ही लिहिलं होतं. सभेतही सगळे हेच विचारत बसले की मागे कोण राहणार. आम्ही मागेच होतो, आत्या. इतकी वर्षं. पाठ बघून आम्हाला काय दारिद्र्य आलं ते कोणी विचारलं नाही आणि दोर धराल का, हेही कोणी विचारलं नाही. ढोलाच्या आवाजात वेळेवर कोणाच्या लक्षात आलं म्हणून बरं.

ऋताबरोबर पेढे पाठवतेय. आता तरी जेवा.

तुमचीच,
सीमा
(लेखनिक मयूरचा नमस्कार)

---

भोईवाडा
गुरुवार, २८ ऑगस्ट

चि. दुर्गास,
दादाचे आशीर्वाद.

एवढं मोठं पत्र मी कधी लिहिलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे.

काल चतुर्थी झाली. सीमा तुला सांगेलच, पण ती तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी मी सांगतो. बायकांच्या तळव्यांवर आता नवी कातडी आली आहे. पण मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते आणि ती नव्या कातडीला सोसत नाही. जाईबाईने तरी हात घातलान, आणि तळवे पुन्हा लाल करून घेतलान. सीमाचं तेच, कांताचं तेच. म्हणजे अख्ख्या मजल्यावर मोदक वळायला एक हात नाही. मी म्हटलं विकतचे आणू. तर अवधूतच पुढे झाला, म्हणाला आपण करू. त्या दिवसापासून तो मान खाली घालून फिरतोय. फिरू दे.

मग गॅलरीत पराती मांडल्या आणि पुरुष बसले. उकडीला हात लावला की जो तो बोंबलत होता. जाईबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. पारी जाड झाली, कळ्या कमी पडल्या, सारण भरताना हात आखडू नका. मी गिरणीत साच्यावर केसाएवढे धागे जोडलेला माणूस, पण मला मोदकाची एक कळी धड जमली नाही. मयूरचे त्यातल्या त्यात बरे झाले. उकडायला ठेवले तर निम्मे फुटले. धड होते ते बाप्पाला दाखवले, फुटके आमच्या पानात आले.

जेवायला बसलो तर जाईबाई नुसती पानाकडे बघत होती. हात झोंबत होते. मी तिच्या शेजारी सरकलो आणि का कोण जाणे, तिला विचारलं की एवढी वर्षं तू आगमनाला मागून चालतेस, तर बाप्पाचं तोंड कधी बघतेस? मला खरंच ठाऊक नव्हतं, दुर्गे. ती म्हणाली, मांडवात गर्दी असते, घरात पाहुण्यांचं जेवणखाण असतं. विसर्जनाच्या दिवशी सकाळी जरा उसंत मिळते, तेव्हा जाऊन बघून येते.

म्हणजे तो जायला निघतो त्या दिवशी. आणि मी तीस वर्षं त्याच्या डोळ्यात डोळे घालून त्याला घरी आणतोय आणि सगळ्यांना त्याची गोष्ट सांगतोय. पानातला फुटका मोदक घेतला, वर तूप घातलं आणि तिला भरवला. पोरं बघत होती, बघू दे. तिने डोळ्यांना पदर लावलान आणि मग म्हणाली की गूळ कमी पडलाय.

पानं तशीच टाकून मी तिला मांडवात घेऊन गेलो. दर्शनाला बरीच गर्दी होती, पण मला बघून पोरांनी वाट दिली. तिला अगदी पुढे नेऊन उभी केली. ती बघत राहिली, आणि मी तिच्या मागे उभा राहिलो, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. किती वेळ उभी होती कोण जाणे, मी काही घाई केली नाही.

गुडघ्यांना तेल लाव. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
दादा